आज्याचा कागद कोण कोणाकडं मागतंय?

वनहक्काचा दावा घेऊन गेलं की टेबलापलीकडनं पहिला सवाल येतो, “आज्याचा कागद आहे का?” दुसरा येतो, “तीन पिढ्या दाखव.” आता काही ठिकाणी तिसरा निघालाय, “जुन्या जनगणनेत नाव असेल तर काढून आण.” आपली माणसं रोज बुडवून, एसटीचं भाडं मोडून जातात आणि मान खाली घालून परत येतात. जसं काय आज्यानंच गुन्हा केला, कागद न ठेवता मेला!

भावांनो, बहिणींनो, आधी तीन पिढ्यांचं ऐका. वनहक्क कायदा 2006 चा आहे. जंगलावर जगणाऱ्या आदिवासीला त्यात दाखवायचंय ते एवढंच, की 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून जमीन आपण कसतोय. तीन पिढ्या, म्हणजे 75 वर्षं, ही अट आदिवासी नसलेल्या इतर पारंपरिक वननिवासींना आहे. आपल्याला नाही. तरी ती आपल्याला लावतात. वाचता येत नाही म्हणून लावतात असं मला वाटत नाही.

आता जनगणना. म्हातारी माणसं तिला शिरगणती म्हणतात. 1872 ला पहिली झाली, 1881 पासून 2011 पर्यंत दर दहा वर्षांनी होत आली. साहेब येऊन डोकी मोजून गेला. 1901 पासून 1921 पर्यंत आपल्यातल्या लई जणांना धर्माच्या रकान्यात ‘अ‍ॅनिमिस्ट’ लिहिलं, म्हणजे झाडादगडात जीव मानणारे. 1931 ला तो शब्द बदलला. शब्द बदलला तरी मोजायचं काम चालूच होतं. पण मोजलेल्या माणसाचं नाव कुणाला बघता येतं का? नाही. 1948 च्या जनगणना कायद्याचं कलम 15 सांगतं की जनगणनेच्या नोंदवह्या बघायचा हक्क कुणालाच नाही, आणि त्यातली नोंद दिवाणी कामात पुरावा म्हणून चालत नाही. म्हणजे सरकार जो कागद दाखवायला स्वतःच बंदी करतं, तोच कागद आपल्याकडं मागतं. असं सांगणाऱ्याला विचारा, “साहेब, तुमच्या आज्याचं नाव जनगणनेतनं काढून दाखवाल का?”

जनगणनेत नाव मिळत नाही, पण आकडा मिळतो. जिल्ह्याची जनगणना पुस्तिका छापलेली असते. 1961 च्या पुस्तिकेत गावागावाची ओळ आहे: घरं किती, माणसं किती, त्यात आदिवासी किती. तो आकडा दाव्याला जोडता येतो, नियमात जनगणनेचं नाव घेऊन लिहिलंय. पण त्यात ओळ महसुली गावाची असते, पाड्याची नसते. आपला पाडा त्या आकड्याच्या पोटात कुठंतरी गडप आहे. तो बाहेर काढायचा तर वंशावळच लागते.

मग आज्याचं नाव सरकारनं कधीच लिहिलं नाही का? लिहिलं की! 1878 चा जंगल कायदा आला, पुढं 1927 चा आला. जंगल राखीव करायचं तर जाहीरनामा काढायचा आणि लोकांना दावा सांगायला किमान तीन महिने द्यायचे. त्या मुदतीत जो बोलला नाही त्याचा हक्क संपला. तीन महिने! आपले आजे-पणजे तेव्हा जमीनदाराच्या शेतावर वेठीला होते. लग्नाला पैसे घेतले म्हणून नवराबायको दोघं जन्मभर लग्नगडी होऊन राबत होते. ती वेठ मोडायला 1945 चा वारल्यांचा उठाव व्हावा लागला. त्यांना तो जाहीरनामा कोण वाचून दाखवणार होतं? हक्काच्या वहीत नाव आलं नाही. मग जंगलात नांगर धरला की गुन्ह्याच्या वहीत नाव आलं. महसूलच्या 1-ई नमुन्यात अतिक्रमणदार म्हणून आलं.

माझ्या आज्याची एक दंडाची पावती घरात आढ्याला खोचलेल्या डब्यात मिळाली. जंगलात नांगरट केली म्हणून दंड, असं तिच्यावर आहे. आई ती लपवून ठेवत होती, लाज वाटायची. मी म्हटलं, आई, हाच तर आपला सातबारा! आज्या तिथं नांगरत होता हे खुद्द फॉरेस्टवाल्यानं सही करून दिलंय. तुमच्याही डब्यात, गाडग्यात असले कागद असतील. चुलीत घालू नका. एकसाली प्लॉटच्या पावत्या, जप्तीचे कागद, कोर्टाच्या तारखा, सगळं काढा. कोतवाल बुकात जन्ममृत्यूच्या नोंदी बघा.

पण त्या कागदावरचा माणूस आणि आज दावा करणारा माणूस यांचं नातं दाखवायला लागतं. त्यासाठी वंशावळ. नियम 13 मध्ये वंशावळ हा पुरावा म्हणून लिहिलाय, आणि जाणत्या म्हाताऱ्यांचा लिहून घेतलेला जबाबही. फक्त तो म्हातारा स्वतः दावेदार नको. विहिरी, मसणवटी, देवस्थानं हासुद्धा पुरावा आहे. म्हणजे आपल्या वीरांचे दगड हे कागदच आहेत.

तालुक्याला दलाल बसलेत, पैसे घेऊन स्टँप पेपरवर वंशावळ छापून देतात. चार नावं इकडची, दोन तिकडची. नका घेऊ. स्टँप पेपरचं काही बंधन नाही. पाड्यावर रात्री बसा, वही घ्या, म्हाताऱ्यांना बोलतं करा. सालं विचारू नका, सालं त्यांना येत नाहीत. विचारा, जव्हारचं संस्थान खालसा झालं तेव्हा तुम्ही केवढे होता? लाल बावट्याच्या उठावात तुमचा बापूस होता का? 1972 च्या दुष्काळात ही बांधबंदिस्ती झाली होती का? त्यातनं साल आपोआप निघतं. आपल्यात बुधवारी जन्मला तो बुध्या, मंगळवारी जन्मला तो मंगळ्या, एकेका पाड्यात चार बुध्या. म्हणून प्रत्येक नावाम्होरं बापाचं नाव, कूळ आणि शेताची खूण लिहा. एका कागदावर बुध्या आणि दुसऱ्यावर बुधाजी असेल तर ग्रामसभेच्या ठरावात लिहा की दोघं एकच.

आणि बायांची नावं लिहा! मी बघितलेल्या सगळ्या वंशावळींत नुसती पोरं. आजीला नाव नव्हतं का? राब भाजला कुणी, वरई लावली कुणी? कायद्यात पट्टा नवराबायको दोघांच्या नावानं आहे, मग वंशावळीत ती गायब कशी?

एकटी वंशावळ देऊ नका. नियम म्हणतो एकापेक्षा जास्त पुरावे बघायचे. वंशावळ, म्हाताऱ्याचा जबाब, जागेवरचे बांध आणि जुनी झाडं, असं जोडीनं द्या. आणि 2012 च्या दुरुस्तीनं समित्यांना स्पष्ट सांगितलंय की अमुकच कागद आण असा हट्ट धरायचा नाही. ही ओळ दाव्याच्या वर लाल शाईनं लिहून द्या.

तरी नाकारलं तर तोंडी ऐकून घरी येऊ नका. कारण लेखी मागा. उपविभागीय समितीनं नाकारलं तर 60 दिवसांत जिल्हा समितीकडं अर्ज करता येतो. ज्यांच्या हातात नकाराचा कागद आहे त्यांनी तो घेऊन पुढच्या बैठकीला यावं, आणि येताना पाड्यातली सगळ्यात जुनी म्हातारी सोबत आणावी. वही आम्ही आणतो.