वसतिगृहाचा उंबरठा

कोल्हापुरात १९०८ साली अस्पृश्य मानल्या गेलेल्या विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह सुरू झाले. शहरातील जैन वसतिगृहात राहणारा एक विद्यार्थी त्या समारंभाला आवर्जून गेला. चरित्रकार सांगतात, की तो परतल्यावर त्याला आंघोळ करून मगच आत येण्यास बजावण्यात आले. माणसांच्या सहवासाने विटाळ होतो हे त्याला मान्य नव्हते. त्याने आंघोळ केली नाही, आणि अखेर त्याला वसतिगृह सोडावे लागले. त्या विद्यार्थ्याचे नाव भाऊराव पायगोंडा पाटील. पुढे महाराष्ट्राने त्यांना ‘कर्मवीर’ म्हटले.

कुंभोज येथे १८८७ साली जैन शेतकरी घराण्यात जन्मलेल्या या पुरुषाचा जैन समाजाला सार्थ अभिमान आहे. दरवर्षी २२ सप्टेंबरला त्यांच्या प्रतिमेला हार घातला जातो, भाषणे होतात. मात्र ज्या दाराबाहेर त्यांना जावे लागले ते दारही जैन समाजाचेच होते, हा उल्लेख त्या दिवशी क्वचितच ऐकू येतो. तो टाळू नये. त्यात कुणाची निंदा नाही. समाजाने शिकावे असे बरेच काही आहे.

मुळात ती वसतिगृहे का निघाली? खेड्यातून शिकायला आलेल्या मुलांना शहरात राहण्याजेवण्याची सोय होत नसे. जातीजातींची दारे परस्परांना बंद होती. ही अडचण ओळखून राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून निरनिराळ्या जातिधर्मांच्या वसतिगृहांना आश्रय दिला. म्हणजे जैन वसतिगृह हेही बंद दारांवरचाच एक उपाय होते. ज्यांना स्वतःसाठी दार उघडून घ्यावे लागले, त्यांनीच काही वर्षांत दुसऱ्यांच्या स्पर्शासाठी उंबरठ्यावर नियम ठेवला.

असे का व्हावे? नियम करणारी माणसे दुष्ट नव्हती. त्यांनी पदरमोड करून समाजाच्या मुलांच्या शिक्षणाची काळजी वाहिली होती. पण संख्येने थोड्या असलेल्या समाजाच्या मनात एक भीती नेहमी दबा धरून असते. चार लोकांत मिळालेले स्थान जाईल, शेजारी नावे ठेवतील, सोयरीक अडेल, पेढीवरचे गिऱ्हाईक तुटेल, ही ती भीती. मग ज्याची सर्वांत अधिक अवहेलना होते त्याच्यापासून चार पावले दूर उभे राहणे सुरक्षित वाटू लागते. त्याला सावधगिरी म्हटले जाते. आणि पुढे तीच सावधगिरी ‘परंपरा’ या नावाने ओळखली जाते.

वास्तविक परंपरा काही वेगळेच सांगते. उत्तराध्ययन सूत्रात चांडाळ कुळात जन्मलेल्या हरिकेशी मुनींची कथा आहे. यज्ञमंडपात त्यांचा अपमान करणाऱ्यांनाच शेवटी त्यांच्यापुढे नतमस्तक व्हावे लागते. आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात सम्यग्दर्शनाने युक्त असलेल्या चांडाळालाही देवतुल्य मानले आहे. श्वेतांबर असो वा दिगंबर, दोन्ही परंपरांच्या ग्रंथांत हा बोध आहे. तो वसतिगृहाच्या भोजनगृहापर्यंत पोहोचायचा राहिला होता.

कथेचा पुढचा भाग अधिक विचार करायला लावणारा आहे. १९१४ मध्ये कोल्हापुरात राजपुतळ्यांना डांबर फासल्याचे प्रकरण घडले. त्यात संशयाचे बोट आण्णासाहेब लठ्ठे यांच्याकडे वळले. लठ्ठे हे जैन समाजाचे पुढारी. वसतिगृहाच्या कारभाराशी त्यांचा निकटचा संबंध होता. त्यांच्याविरुद्ध खोटी साक्ष द्यावी म्हणून भाऊरावांवर दडपण आणले गेले. जुना सल काढण्याची ती आयती संधी होती. भाऊरावांनी कारावास आणि छळ सोसला. पण खोटी साक्ष दिली नाही. क्षमापनेच्या दिवशी हात जोडणे सोपे असते. भाऊरावांनी ती कोठडीत पाळून दाखवली.

त्यानंतर किर्लोस्करांचे लोखंडी नांगर विकण्याच्या निमित्ताने ते गावोगाव फिरले. विक्रेत्याच्या त्या फिरतीत त्यांना रयतेचे अज्ञान आणि दारिद्र्य जवळून दिसले. १९१९ साली कऱ्हाड तालुक्यातील काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली; १९२४ मध्ये ती साताऱ्यास आली. तेथील वसतिगृहात सर्व जातिधर्मांची मुले एकाच पंगतीला बसत, एकत्र राबत आणि एकत्र शिकत. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू महाराजांचे नाव देण्यात आले. मुलांच्या अन्नासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले आणि शेवटी मंगळसूत्रही मोडले. सोवळ्याओवळ्याच्या संस्कारात वाढलेल्या या श्राविकेने सर्व जातींच्या मुलांना आपल्या हाताने जेवू घातले. भाऊरावांना एका पंगतीतून उठावे लागले होते. त्यांनी मांडलेल्या पंगतीतून मात्र कुणालाही उठावे लागले नाही.

२७ जानेवारी २०१४ रोजी जैन समाजाला राष्ट्रीय पातळीवर अल्पसंख्याक दर्जा मिळाला. शिष्यवृत्त्या आणि शिक्षणसंस्थांचे अधिकार यांची चर्चा त्यानंतर पुष्कळ झाली. इतर कुणाला डावलले जात असता समाजाने काय करावे, याची चर्चा मात्र अजून घराघरांत व्हायची आहे.

हा प्रश्न फार दूरचा नाही. घर भाड्याने देताना आहाराविषयी अट घालणे हा अहिंसेच्या आचरणाचा भाग आहे असे म्हणता येईल. परंतु संपूर्ण शाकाहारी असलेल्या, ती अट आनंदाने मान्य करणाऱ्या माणसालाही केवळ आडनाव ऐकून नकार मिळत असेल, तर त्या नकाराचा अहिंसेशी काहीही संबंध उरत नाही. दुकानातील नोकरासाठी निराळा पेला ठेवलेला असेल, तर तो स्वच्छतेसाठी आहे की अन्य कशासाठी, हे शेटजींच्या मनाला ठाऊक असते. व्यापारी संघटनेच्या बैठकीत एखाद्या जातीच्या वा धर्माच्या विक्रेत्याला गाळा देऊ नये असा सूर निघतो, तेव्हा गप्प बसणारा स्वतःला तटस्थ समजतो. मात्र ज्याचा गाळा जातो त्याच्या लेखी त्याचे मौन विरोधातच जमा होते.

साधर्मिक वात्सल्य हे जैन समाजाचे भूषण आहे. वसतिगृहे, धर्मशाळा आणि शिष्यवृत्त्या त्याच भावनेतून उभ्या राहिल्या, आणि त्या राहिल्याच पाहिजेत. कर्मवीरांनी ते वात्सल्य सोडले नाही. त्यांनी त्याचा परीघ वाढवला. येत्या जयंतीला घरातील मुलांना त्यांच्या कार्याची माहिती देताना वडीलधाऱ्यांनी आंघोळीच्या त्या प्रसंगापासून सुरुवात करावी. ‘आपण तेव्हा त्या वसतिगृहाचे चालक असतो, तर काय केले असते?’ असे एखादे मूल विचारील. त्याला खरे उत्तर द्यावे.