रंगभूमीचे सूर आणि तीन मिनिटांची तबकडी

चेन्नई – संगीत नाटकातील गायक-नट आपली पदे प्रथमच ध्वनिमुद्रित करतो, तेव्हा त्याचा आवाज चिरंतन होतो. मात्र ज्या प्रसंगातून ते पद उमलले, तो प्रसंग रंगमंचावरच राहतो. तमिळ संगीत रंगभूमीवरील एस. जी. किट्टप्पा आणि के. बी. सुंदरांबाळ यांच्या ध्वनिमुद्रिका याची साक्ष देतात.

मराठी रसिकांच्या मनात बालगंधर्व आणि दीनानाथ मंगेशकर यांना जे स्थान आहे, तेच तमिळ रसिकांच्या मनात किट्टप्पा यांना आहे. त्यांचा जन्म १९०६ साली झाला आणि १९३३ साली, अवघ्या २७ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. पहिला तमिळ बोलपट ‘कालिदास’ १९३१ साली आला होता. पण किट्टप्पा पडद्यावर आलेच नाहीत. त्यामुळे त्यांची गायकी आज ऐकायला मिळते ती केवळ तबकड्यांतून.

त्यांच्या सहगायिका व पत्नी सुंदरांबाळ यांची कहाणी वेगळी आहे. पतिनिधनानंतर त्यांनी रंगमंचाकडे पाठ फिरवली होती. पुढे १९३५ सालच्या ‘नंदनार’ चित्रपटात त्यांनी नायकाची, म्हणजे पुरुषाची भूमिका केली. या भूमिकेसाठी त्यांना एक लाख रुपये मानधन मिळाल्याचे सांगितले जाते. १९५३ च्या ‘अव्वैयार’ने त्यांची कीर्ती घरोघरी पोहोचवली.

तबकडीची मर्यादा

त्या काळच्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूस जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचे गायन मावत असे. रंगमंचावर ‘वन्स मोअर’च्या गजरात लांबत जाणारे पद तबकडीसाठी आखडते घ्यावे लागे. आलाप, ताना आणि प्रेक्षकांची दाद यांना तेथे जागा नव्हती. या अडचणीवर चेन्नईच्या व्यावसायिकांनी आपल्या परीने तोड काढली. ए. व्ही. मेय्यप्पन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या सरस्वती स्टोअर्सने १९३० च्या दशकात संपूर्ण नाटकेच तबकड्यांच्या संचांतून विक्रीस आणली. ऐकणाऱ्यास गाण्यासोबत संवाद व कथाही मिळू लागली.

दोन्ही रंगभूमींचे नाते जुने आहे. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली रंगमंचावर आणलेल्या ‘शाकुंतल’मध्येही कर्नाटकी चालींचा वापर होता.

कायदा आणि जतन

भारतीय कायद्यानुसार ध्वनिमुद्रणाचा स्वामित्वहक्क प्रकाशनानंतर ६० वर्षे टिकतो. म्हणजे १९३० च्या दशकातील ध्वनिमुद्रणे आता सर्वांसाठी खुली आहेत. तथापि, कायद्याने खुले होणे म्हणजे सुरक्षित राहणे नव्हे. लाखेच्या तबकड्या ठिसूळ असतात आणि अनेक तबकड्यांच्या मोजक्याच प्रती शिल्लक आहेत. चेन्नईचे रोजा मुत्तैया संशोधन ग्रंथालय १९९४ पासून जुने तमिळ मुद्रित साहित्य जतन करीत आहे. ध्वनिमुद्रणे आणि असे साहित्य एकत्र आले, तरच पदाला त्याचा प्रसंग परत मिळेल.

हाच निकष आजच्या कलावंतांनाही लागू होतो. आपल्या नाट्यगीतांचा पहिला संग्रह काढताना त्यांनी नाटकाचे नाव, पात्र, प्रसंग, संगीतकार आणि साथीदार यांची नोंद सोबत ठेवली, तर पुढील पिढीला आवाजाबरोबरच रंगमंचाचाही वारसा लाभेल.