तीस सेकंदांत संस्कृती बुडत नाही

ॲलिस कूपरच्या गिलोटिनची क्लिप पुन्हा फिरतेय. मुंडकं उडतं, आणि खाली कमेंट : "विकृती! बंदी घाला!" अहो, आधी अख्खा शो तरी बघा. लंडनच्या हॅमरस्मिथला २००९ मध्ये झालेला 'थिएटर ऑफ डेथ' व्हिडिओवर आहे. साठी ओलांडलेला हा माणूस (धर्मोपदेशकाचा मुलगा, बरं का) रंगमंचावर वाट्टेल ती दुष्टाई करतो आणि दर वेळी सापडतो. गिलोटिन काय, फास काय, सगळं त्याच्याच वाट्याला. उडतं ते मुंडकं त्याचंच! कोकणातल्या माणसाला हे समजावायला नको. दशावतारात संकासुर धिंगाणा घालतो आणि शेवटी विष्णूच्या हातून मरतो. तिथे पोरं बिघडत नाहीत, ती इथे बरी बिघडतात?

१९७२ मध्ये त्याचं 'स्कूल्स आउट' ब्रिटनमध्ये पहिल्या नंबरावर गेलं. मेरी व्हाइटहाउस बाई म्हणाल्या, बीबीसीवर लावू नका. पुढच्या वर्षी लिओ ॲब्से हे खासदार म्हणाले, त्याला देशातच घेऊ नका. कूपरने बाईंना फुलं पाठवली. फुकटात एवढी जाहिरात कोण करतं!

त्याच १९७२ मध्ये आपल्याकडे 'सखाराम बाइंडर'वर बंदी आली. कमलाकर सारंगांना हायकोर्टाची पायरी चढावी लागली. नाटकाची संहिता तपासणारं सरकारी मंडळ महाराष्ट्रात आजही आहेच. ते पुरत नाही म्हणून आता कमेंटमध्ये दुसरं बसवताय?

बंदी मागणाऱ्यांपैकी शो शेवटपर्यंत कोणी पाहिलाय? हात वर करा.