विश्लेषण : हॉटेलचालकांच्या संघटना कुणाच्या पैशावर चालतात? वर्गणी अपुरी, प्रायोजक मोठे… मग लहान सभासदाचे काय?

रात्री अकराला परमिट रूमच्या दारात तपासणीचे पथक उभे राहिले, की मॅनेजर आधी शेटला फोन लावतो आणि शेट आपल्या भागातल्या संघटनेच्या पदाधिकाऱ्याला. मुंबईत कित्येक वर्षे हॉटेलचालकांच्या संघटनेचे मुख्य काम हेच समजले जात होते. परवाना अडकला, नोटीस आली, हप्त्याची मागणी झाली, तर कुणीतरी ओळखीचा माणूस धावून यावा. त्यासाठी वर्षाला काही हजारांची वर्गणी देणे कुणाला जड जात नव्हते. आता सभासदाच्या अडचणी बदलल्या आहेत आणि त्या सोडवायचा खर्चही. वर्गणीची पावती मात्र बरीचशी जुन्याच हिशेबाची आहे. मधली दरी ज्या पैशातून भरून निघते, तो पैसा कुठून येतो याची चर्चा सभासदांनी करायला हवी.

मुळात या संघटना कोणत्या?

मुंबईतली उडपी हॉटेले, परमिट रूम आणि बार यांची मोठी संघटना म्हणजे ‘आहार’, म्हणजेच इंडियन हॉटेल अँड रेस्टॉरंट असोसिएशन. पश्चिम भारतातील हॉटेलांसाठी ‘एचआरएडब्ल्यूआय’ आहे. तिच्यासारख्या उत्तर, दक्षिण आणि पूर्व भारतातील संघटना मिळून ‘एफएचआरएआय’ हा देशपातळीवरील महासंघ बनतो. रेस्टॉरंट आणि त्यांच्या साखळ्यांसाठी ‘एनआरएआय’ वेगळी. पुण्यात पूना हॉटेलियर्स असोसिएशन आहे, गोव्यात ट्रॅव्हल अँड टुरिझम असोसिएशन ऑफ गोवा. तिथे किनाऱ्यावरच्या शॅकवाल्यांनी आपली संघटना निराळी ठेवली आहे, कारण रिसॉर्टवाला आणि शॅकवाला यांची दुखणी एक नसतात.

एखाद्या मुंबईकर हॉटेलमालकाने ठरवले, तर तो यातील दोन-तीन संघटनांची वर्गणी एकाच वेळी भरू शकतो. दादरचा इडली-डोशाचा छोटा हॉटेलवाला सहसा एकच भरतो, आणि तीही आठवण करून दिल्यावर.

सभासदाला आता काय हवे आहे?

जुनी यादी संपलेली नाही. महापालिकेचा आरोग्य परवाना, अग्निशमन दलाचा ना हरकत दाखला, अन्नसुरक्षेचा परवाना, मद्य असेल तर एफएल-३, गाणी लावायची तर संगीताचे हक्क सांभाळणाऱ्या कंपन्यांची फी. शिवाय १९ किलोच्या व्यावसायिक सिलिंडरचा दर दर महिन्याच्या पहिल्या तारखेला काय निघतो, याकडे लक्ष. २०२५ मध्ये यात तंदूरची भर पडली. उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर मुंबई महापालिकेने कोळशाच्या आणि लाकडाच्या भट्ट्या बंद करून गॅस किंवा विजेकडे वळण्यास सांगितले. कोणती भट्टी घ्यावी, जागेत गॅसची जोडणी मिळेल का, त्या रोटीला तीच चव येईल का, हे प्रश्न घेऊन माणूस संघटनेकडेच जातो.

पण पोटावर खरा घाव घालणाऱ्या गोष्टी आता दारात उभ्या राहत नाहीत, त्या मोबाइलमध्ये असतात. घरपोच ऑर्डर देणाऱ्या ॲपचे कमिशन, ॲपने परस्पर लावलेली सवलत, ग्राहकाचा फोन नंबर हॉटेलला न मिळणे, खोली आरक्षित करणाऱ्या संकेतस्थळाच्या अटी. समजा, ३०० रुपयांच्या ऑर्डरवर कमिशन २५ टक्के धरले, तर ७५ रुपये तिथेच गेले. सवलतीचा वाटा आणि जाहिरातीचे पैसे वेगळे. या ठिकाणी ओळखीचा पदाधिकारी धावून येऊन उपयोग नसतो. तिथे वकील लागतो, अर्थशास्त्राचा अभ्यासक लागतो आणि शेकडो हॉटेलांच्या बिलांची आकडेवारी लागते. यातले काहीही वर्गणीच्या जुन्या दरात येत नाही.

मग लढाया झाल्याच नाहीत का?

झाल्या, आणि काही चांगल्या झाल्या. मेकमायट्रिप-गोआयबिबो आणि ओयो यांच्या व्यवहारांविरुद्ध ‘एफएचआरएआय’ने भारतीय स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली. आयोगाने ऑक्टोबर २०१९ मध्ये चौकशीचा आदेश दिला आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये मेकमायट्रिप-गोआयबिबोला २२३.४८ कोटी, तर ओयोला १६८.८८ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. आपल्यापेक्षा कमी दराने हॉटेलने दुसरीकडे खोली विकू नये, अशा धर्तीच्या अटी करारातून बदलण्यासही सांगितले. रेस्टॉरंटांच्या बाजूने ‘एनआरएआय’ने २०१९ च्या ऑगस्टमध्ये मोठ्या सवलतींच्या योजनांविरुद्ध ‘लॉगआउट’ मोहीम चालवली, पुढे २०२१ मध्ये झोमॅटो आणि स्विगीविरुद्ध स्पर्धा आयोगाकडे धाव घेतली. आयोगाने एप्रिल २०२२ मध्ये चौकशी सुरू करायला सांगितले.

तक्रारीपासून दंडापर्यंत तीन वर्षांहून अधिक काळ, त्यानंतर अपिले. इतका काळ वकिलांची बिले भरणारे कमी असतात आणि निकालाचा फायदा सगळ्यांना होतो. करारातील जाचक अट निघाली, तर ती संघटनेचा सभासद नसलेल्या लॉजवाल्याच्याही करारातून निघते. त्याने एक रुपया दिलेला नसतो. आयत्या बिळावर नागोबा म्हणून त्याला नावे ठेवणे सोपे आहे, पण व्यापारी संघटनांचा पाया इथेच भुसभुशीत होतो. सगळ्यांना फुकट मिळणार असेल, तर वर्गणी का भरायची, असे प्रत्येकाने म्हटले तर लढणारेच उरत नाहीत.

वर्गणीचे गणित नेमके कुठे बिघडते?

एक साधा हिशेब पाहू. हजार सभासद आहेत आणि वर्गणी वर्षाला तीन हजार रुपये आहे, असे समजू. सगळ्यांनी भरली, तर ३० लाख जमतात. सगळे भरत नाहीत, हे कोणत्याही संघटनेचा खजिनदार सांगेल. कार्यालयाचे भाडे, दोन-तीन कर्मचाऱ्यांचे पगार, लेखापरीक्षण, सभा आणि मंत्रालयातल्या फेऱ्या यातून काय शिल्लक राहते? उच्च न्यायालयातले एक बऱ्यापैकी गुंतागुंतीचे प्रकरण ती शिल्लक सहज खाऊन टाकते.

त्यातच जीएसटी. संघटना आणि तिचे सभासद या दोन वेगळ्या व्यक्ती मानून त्यांच्यातील व्यवहारावर कर लावण्याची तरतूद २०२१ च्या वित्त कायद्याने केली आणि ती १ जुलै २०१७ पासून मागे नेऊन लागू केली. केरळ उच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये इंडियन मेडिकल असोसिएशनच्या प्रकरणात ही तरतूद घटनाबाह्य ठरवली. मात्र तेवढ्यावर विसंबून महाराष्ट्रातल्या संघटनेने कर भरणे थांबवणे जोखमीचे. वार्षिक उलाढाल २० लाखांच्या वर गेली, की वर्गणीवर १८ टक्के कर येतो. तीन हजारांची पावती ३,५४० रुपयांची होते.

हे ५४० रुपये सगळ्यांना सारखे पडत नाहीत, आणि याकडे फारसे कुणी लक्ष देत नाही. ज्या मोठ्या हॉटेलच्या खोल्यांचा दर साडेसात हजारांच्या वर आहे, ते ग्राहकाकडून १८ टक्के कर घेते आणि आपण भरलेल्या कराची वजावट मिळवते. त्याच्यासाठी ते ५४० रुपये परत येणारे पैसे आहेत. साधे रेस्टॉरंट ५ टक्के कर घेते, त्याला वजावट नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून साडेसात हजारांपर्यंतच्या खोल्यांवरचा कर १२ वरून ५ टक्क्यांवर आला, तेव्हा त्यांचीही वजावट गेली. ग्राहकाला दिलासा मिळाला, पण लॉजवाल्याचे एसी, गाद्या, रंगकाम यांवरील कर त्याच्याच अंगावर आला. म्हणजे एकाच संघटनेची एकाच रकमेची पावती पंचतारांकित सभासदाला स्वस्त आणि खानावळवाल्याला महाग पडते.

दरी भरून कोण काढते?

प्रायोजक. वार्षिक अधिवेशन, प्रदर्शन, पुरस्कार सोहळा, स्मरणिकेतील जाहिराती. स्वयंपाकघराची उपकरणे विकणारे, मसाले आणि तेलवाले, मद्यकंपन्या, बिलिंग सॉफ्टवेअर आणि पेमेंट कंपन्या अशा सगळ्यांना एका छताखाली हजारो हॉटेलमालक भेटतात आणि त्यासाठी ते पैसे मोजायला तयार असतात. यात गैर काही नाही. उपकरणवाल्याच्या स्टॉलमुळे कुणाचे नुकसान होत नाही, उलट नवी इलेक्ट्रिक तंदूर पाहायला मिळते.

अडचण येते ती प्रायोजक आणि प्रतिवादी एकच होण्याची शक्यता असते तिथे. ज्या कंपनीच्या कमिशनवर सभासद चिडलेले आहेत, तिचेच नाव व्यासपीठामागच्या फलकावर असेल, तर त्या व्यासपीठावरून कमिशनबद्दल किती कडक बोलले जाईल? खाल्ल्या मिठाला जागण्याची आपल्याकडे रीत आहे. लाच वगैरे शब्द वापरण्याची गरजच पडत नाही. पत्राची भाषा जरा सौम्य होते, बैठक पुढच्या महिन्यावर जाते, ‘आधी चर्चा करू’ असे ठरते. शिवाय अधिवेशन मोठ्या हॉटेलात होते, त्याचे प्रतिनिधी शुल्क बऱ्याच लहान सभासदांना झेपत नाही, आणि निर्णय मात्र तिथेच जमलेल्यांच्या गप्पांत पक्के होतात.

आयकराची बाजूही आहे. सभासदांनी आपापसांत जमवलेला पैसा आपल्याच कामाला लावला, तर तो नफा नव्हे, असे ‘परस्परता’ तत्त्व कायदा मानतो. बाहेरच्या प्रायोजकाकडून आलेल्या पैशाला ते लागू होत नाही. बँकेतल्या ठेवीवरचे व्याजही सुटत नाही, हे २०१३ मध्ये बंगलोर क्लबच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले.

एकाच्या वर्गणीतून दुसऱ्याची लढाई?

सेवा शुल्काचे प्रकरण या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. बिलात आपोआप सेवा शुल्क लावू नये, अशा मार्गदर्शक सूचना केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये काढल्या. ‘एनआरएआय’ आणि ‘एफएचआरएआय’ त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. सुनावणीत, २०२३ मध्ये, न्यायालयाने एक नेमका प्रश्न विचारला : तुमच्या सभासदांपैकी किती टक्के लोक सक्तीने सेवा शुल्क घेतात? २८ मार्च २०२५ रोजी दोन्ही याचिका फेटाळल्या गेल्या आणि प्रत्येकी एक लाख रुपयांचा खर्च बसला. त्याविरुद्ध अपील झाले.

तो टक्केवारीचा प्रश्न न्यायालयाने विचारण्याआधी सभासदांनी विचारायला हवा होता. महाराष्ट्रातल्या साध्या हॉटेलात बिलावर सेवा शुल्क नसते. तिथे बडीशेपच्या ताटलीत ग्राहक स्वखुशीने दहा-वीस रुपये ठेवतो. त्या हॉटेलवाल्याला सेवा शुल्काच्या निकालाने काही मिळणार नव्हते आणि काही जाणारही नव्हते. त्याला तंदूर, सिलिंडर आणि ॲपचे कमिशन यांत रस आहे.

उलट बाजूचे उदाहरण मुंबईचे. डान्स बारवर २००५ मध्ये बंदी आली. ‘आहार’सह इतरांच्या याचिकांवर उच्च न्यायालयाने २००६ मध्ये ती रद्द केली, सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये तोच निकाल कायम केला, मग २०१४ ची दुरुस्ती, २०१६ चा नवा कायदा आणि जानेवारी २०१९ चा निकाल. चौदा वर्षे. अशा लढाईसाठी तीन हजारांच्या पावत्या नसतात. ज्यांचा धंदा पणाला लागतो, त्यांनीच खिशात हात घालावा लागतो, आणि ते योग्यही आहे.

१४ जुलै २०२५ चा बंद हा तिसरा प्रकार. मद्यावरील व्हॅट ५ वरून १० टक्के, परवाना शुल्कात १५ टक्के वाढ आणि त्यावर उत्पादन शुल्कातील ६० टक्के वाढ. या साऱ्याविरुद्ध राज्यभरातील बार आणि परमिट रूम एक दिवस बंद राहिले. इथे सगळ्यांचे दुखणे एक होते म्हणून शटर खाली आले. पण बंदलाही किंमत असते. परमिट रूमचा एका दिवसाचा गल्ला बहुधा वर्षाच्या वर्गणीपेक्षा कितीतरी मोठा असतो. लहान जागेचे भाडे आणि वेटरचा त्या दिवसाचा पगार थांबत नाही. वर्गणी वाढवायला सभेत हात वर होत नाहीत आणि बंदला होतात, हे थोडे चमत्कारिकच.

बदल कसा करता येईल?

वर्गणी खोल्यांच्या किंवा आसनांच्या संख्येवर ठरवणे हा पहिला आणि सोपा मार्ग. २० टेबलांच्या हॉटेलने आणि २०० खोल्यांच्या हॉटेलने सारखी रक्कम भरावी, याला काही तर्क नाही. मोठ्यांचा आक्षेप असा असतो, की जास्त पैसे आम्ही देणार तर मतेही जास्त हवीत. तो मान्य केला तर संघटना चार-पाच साखळ्यांच्या हातात जाईल. रक्कम आकाराप्रमाणे आणि मत मात्र एक, ही अट सभेत लावून धरावी लागेल. ती लावून धरण्यासाठी लहान सभासदाने सभेला यावे लागेल, आणि दुपारी साडेबाराला गिऱ्हाईक सोडून तो येत नाही. सभा चारला ठेवली तर येऊ शकेल.

न्यायालयीन लढायांचा निधी वेगळा हवा. ज्या प्रकरणाचा लाभ ठरावीक गटाला आहे, त्याचा बहुतांश खर्च त्या गटाने द्यावा. कमिशनसारख्या सर्वांच्या प्रकरणाला सर्वसाधारण निधीतून हात लावावा. प्रायोजकांची नावे आणि रकमा सभासदांना मोबाइलवर दिसल्या पाहिजेत, ताळेबंदाच्या शेवटच्या पानावर ‘इतर उत्पन्न’ म्हणून नव्हे. आणि ज्या कंपनीविरुद्ध तक्रार चालू आहे, तिच्याकडून प्रकरण संपेपर्यंत एक रुपयाही घेऊ नये. उत्पन्न घटेल, अधिवेशन पंचतारांकितऐवजी एखाद्या सभासदाच्याच मंगल कार्यालयात घ्यावे लागेल. जेवण तिथेही चांगलेच मिळेल.