साखरेची चित्रलिपी आणि आपला संगणक कक्ष



शाळेच्या संगणक कक्षात सध्या काय चालते? टायपिंग, पेंटमध्ये डोंगर-सूर्य-झोपडी, आणि स्नेहसंमेलन जवळ आले की निमंत्रणपत्रिका. यात वाईट काही नाही. पण शेजारच्याच वर्गात त्याच वेळी मुले कर्बोदकांची नावे घोकत असतात. या दोन खोल्यांचा एकमेकींशी काही संबंध नाही. तो जोडावा, एवढेच मला सांगायचे आहे. नववी-दहावीच्या मुलांना आठवड्यातून एक तास साखरेच्या रेणूंची चित्रे काढायला शिकवावे. आधी कागदावर, मग संगणकावर.

साखर म्हटली की आपल्याला ऊस आणि कारखाना आठवतो. जीवशास्त्रात मात्र साखर हे एका मोठ्या कुटुंबाचे नाव आहे. ग्लुकोज, गॅलॅक्टोज, मॅनोज, फ्युकोज ही त्यातली भावंडे. ती एकमेकांना जोडून साखळ्या बनवतात आणि त्या साखळ्यांना झाडासारख्या फांद्याही फुटतात. प्रथिनांच्या घटकांपैकी तीन वेगवेगळे घेऊन ओळीत जोडले तर ६ प्रकार होतात. तीन वेगवेगळ्या साखरा जोडल्या तर किमान १,०५६ आणि जास्तीत जास्त २७,६४८ प्रकार होऊ शकतात. कारण प्रत्येक साखरेला जोडायच्या जागा अनेक, आणि प्रत्येक जोड अल्फा व बीटा अशा दोन तऱ्हेचा. एवढा पसारा लांबलचक नावांनी लक्षात कसा राहणार?

म्हणून शास्त्रज्ञांनी चित्रलिपी तयार केली. १९७८ मध्ये अमेरिकेतील कॉर्नफेल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोपी चिन्हे वापरायला सुरुवात केली. पुढे त्यांत सुधारणा होत २०१५ मध्ये सर्वांसाठी एक पद्धत ठरली. तीत आकार घराणे सांगतो आणि रंग त्या घराण्यातली व्यक्ती सांगतो. निळे वर्तुळ म्हणजे ग्लुकोज, पिवळे गॅलॅक्टोज, हिरवे मॅनोज. लाल त्रिकोण म्हणजे फ्युकोज. हिरवा पंचकोन म्हणजे फळातले फ्रुक्टोज. ही चित्रे काढण्यासाठी संगणकाचे कार्यक्रमही निघाले. २००७ मध्ये लंडनच्या इंपीरियल कॉलेजमधून ग्लायकनबिल्डर आला. अमेरिकेत बफेलो येथे श्रीराम नीलमेघम यांच्या प्रयोगशाळेने ड्रॉग्लायकन तयार केला. त्यात रेणूचे नाव लिहिले की चित्र उमटते. २०२० मध्ये आलेल्या ग्लायकोग्लिफमध्ये चिन्हे एकेक करून जोडता येतात. यांना पैसे पडत नाहीत.

आता कोणी विचारेल, मंठाळच्या मुलाला याचा काय उपयोग? उपयोग त्याच्या ताटापासून सुरू होतो. ज्वारीच्या दाण्यातले पिठूळ हे निळ्या वर्तुळांची माळ आहे. कडब्यातले सेल्युलोजही निळ्या वर्तुळांचीच माळ आहे. मग भाकरी आपण खातो आणि कडबा बैलाला घालतो, असे का? फरक फक्त जोडात आहे. दाण्यातले जोड अल्फा, कडब्यातले बीटा. आपल्या पोटातले पाचकरस अल्फा जोड तोडतात, बीटा तोडू शकत नाहीत. बैलाच्या पोटातले सूक्ष्मजीव ते काम करतात. दोन माळा शेजारी काढून जोडांची नावे लिहिली की हे पाचवीच्या मुलालाही समजते.

दुसरे उदाहरण तुरीचे. गुलबर्ग्याच्या तूरडाळीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, याचा आपल्याला अभिमान आहे. पण डाळीने पोटात वायू धरतो, हेही घरोघरी माहीत आहे. नेहमीच्या साखरेचे चित्र म्हणजे एक निळे वर्तुळ आणि त्याला जोडलेला हिरवा पंचकोन. त्याला एक पिवळे वर्तुळ लावले की रॅफिनोज, दोन लावले की स्टॅकिओज, तीन लावले की व्हर्बास्कोज. ही तिन्ही डाळी-कडधान्यांत असतात. ते पिवळे वर्तुळ सोडवणारा पाचकरस आपल्या आतड्यात नाही. म्हणून हा माल तसाच मोठ्या आतड्यात जातो, तिथले जीवाणू तो आंबवतात आणि वायू होतो. कडधान्य भिजवून मोड आणले की या साखरा कमी होतात. आपल्या आज्यांनी हे चित्र पाहिले नव्हते, पण त्यांची रीत बरोबर होती.

तिसरे उदाहरण जिवावर बेतणारे आहे. रक्तगट म्हणजे तांबड्या पेशीवरच्या साखर-साखळीचे टोक. ओ गटात टोकाला एक पिवळे वर्तुळ आणि त्याला लाल त्रिकोण असतो. त्याच पिवळ्या वर्तुळाला आणखी एक पिवळा चौकोन लागला की ए गट, पिवळे वर्तुळ लागले की बी गट. १९५२ मध्ये मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे, देशपांडे आणि भाटिया यांना असे रक्त आढळले, की जे नेहमीच्या तपासणीत ओ वाटे, पण ओ गटाचे रक्तही त्याला चालत नसे. लंडनच्या संशोधकांसह त्यांनी ते ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केले. जगभर त्याला बाँबे रक्तगट म्हणतात. या लोकांच्या साखळीवर तो लाल त्रिकोणच नसतो. त्रिकोण नाही म्हणून पुढचा चौकोन किंवा वर्तुळही लागत नाही. त्यांच्या शरीराला लाल त्रिकोण परका वाटतो, म्हणून त्यांना बाँबे गटाचेच रक्त द्यावे लागते. भारतात साधारण १०,००० माणसांमागे एक असे प्रमाण सांगितले जाते. ‘ओ सगळ्यांना चालतो’ हे वाक्य आपण पाठ केले आहे. ते कुठे अपुरे पडते, हे एका त्रिकोणाने कळते.

यावर तीन आक्षेप येतील. पहिला, हे परीक्षेला येत नाही. खरे आहे. पण पचन आणि रक्त हे विषय अभ्यासक्रमात आहेत, आणि जे डोळ्यांपुढे उभे राहते ते विसरत नाही. दुसरा, संगणकावर चित्र आले म्हणजे समजले, असे नव्हे. हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. चुकीची साखळी सांगितली तर ती तितकीच सुबकपणे काढून मिळते. निसर्गात ती आहे की नाही, हे आपणच तपासायचे असते. म्हणूनच आधी रंगीत कागदाचे तुकडे कापून वहीत चिकटवावेत. (रंगीतच हवेत, काळ्यापांढऱ्या झेरॉक्समध्ये ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज सारखेच दिसतात.) तिसरा आक्षेप वीज आणि नेटचा. ज्या दिवशी ती नसेल, त्या दिवशी फळा आणि रंगीत खडू आहेतच.

आमची खरी चिंता वेगळी आहे. आपली मुले घरी मराठी बोलतात, कचेरीत कानडी वाचतात आणि दहावीनंतर विज्ञान घेतले की एकदम इंग्रजी पुस्तकापुढे बसतात. विषय कळत असूनही शब्दांना अडखळून कितीतरी हुशार मुले विज्ञान सोडून देतात. ही चित्रलिपी मात्र बिदरला, पुण्याला आणि लंडनला एकच आहे. ज्याला ती येते, तो इंग्रजी पुस्तकातली आकृती आधी वाचील आणि तिच्या आधाराने शब्द लावील. तीन लिप्या सांभाळणाऱ्या सीमाभागातल्या मुलाला चौथी जड जाणार नाही.

विश्वस्त मंडळींना विनंती एवढीच, की येत्या वेळापत्रकात हा एक तास बसवावा आणि विज्ञान व संगणक शिकवणाऱ्या गुरुजनांना तो मिळून घेऊ द्यावा. पालकांनी मुलांच्या वह्या पाहाव्यात. आणि विद्यार्थी मित्रहो, तुम्ही तासाची वाट पाहू नका. घरात रंगीत कागद आणि कात्री असेलच. आज भाकरी आणि कडबा काढून पाहा.