मजले पाडून जोतं उंच होत नाही

न्यूजर्सीतल्या एका दवाखान्यात, रुग्णांचे कागद देण्याच्या खिडकीशी मी बरीच वर्षं बसते आहे. आमच्या संमतीच्या फॉर्मवर तळाशी तीन स्वतंत्र चौकटी आहेत: एचआयव्ही, मानसिक आजार आणि व्यसनमुक्तीचे उपचार. प्रत्येक चौकटीत रुग्णाने आपली आद्याक्षरं वेगळी लिहायची. एखादी चौकट कोरी असेल तर तेवढी पानं मी गठ्ठ्यातून काढून ठेवते. परवा एडिसनचा एक मराठी तरुण आईचे कागद न्यायला आला. फॉर्म बघून वैतागला. ‘‘ताई, हिपा एकच आहे ना? मग ह्या चौकटी कशाला? सगळ्या देशाला एकच कायदा लावा आणि राज्यांचे रद्द करा, कटकट संपेल.’’

मागे रांग होती, म्हणून तेव्हा वाद घातला नाही. पण हेच म्हणणं सुटाबुटात, वॉशिंग्टनपर्यंत मांडलं जातं. ते मला मुळातच चूक वाटतं.

हिपा हा १९९६ चा फेडरल कायदा. रुग्णांच्या माहितीबद्दलचे त्याचे गोपनीयतेचे नियम एप्रिल २००३ पासून पाळावे लागले. राज्याचा कायदा त्याच्या आड आला तर राज्याचा पडतो. पण राज्याचा कायदा रुग्णाला जास्त संरक्षण देत असेल तर तोच टिकतो, हे त्यातच लिहिलेलं आहे. म्हणजे केंद्राने जोतं बांधलं. त्याच्याखाली कुणी जायचं नाही, वर मजले चढवायची राज्यांना मोकळीक.

पन्नास राज्यांचे पन्नास कायदे, मग गोंधळ होणारच, हा पहिला आक्षेप. गोंधळ आहे, पण सांगितला जातो तेवढा नाही. केंद्राचा आणि राज्याचा, दोन्ही कायदे बहुतेक वेळा एकदमच पाळता येतात. रुग्णाने स्वतःचे कागद मागितले तर हिपा ३० दिवसांची मुदत देतो. टेक्सास संगणकावरच्या नोंदींसाठी कामाचे १५ दिवस देतो. दहा दिवसांत दिले की दोघांचंही समाधान. हे शिकायला मला एक दुपार लागली. ज्या कंपन्या पन्नास राज्यांचे कर भरतात, त्यांना हे झेपत नाही म्हणून रुग्णाने आपला हक्क सोडून द्यायचा?

दुसरा आक्षेप असा की हिपा पुरेसा कडक आहे, वर आणखी काही नको. असं म्हणणाऱ्याने कनेक्टिकटचा खटला वाचावा. एका बाईने आपल्या दवाखान्याला बजावून सांगितलं होतं की माझे कागद अमुक माणसाला देऊ नका. पुढे त्याने मुलाच्या पितृत्वाचा दावा लावला आणि दवाखान्याला कागद हजर करण्याचं समन्स आलं. दवाखान्याने तिला कळवलं नाही, कोर्टात हरकत घेतली नाही. फाइलची प्रत सरळ पोस्टाने कोर्टात पाठवून दिली. त्या माणसाने ती वाचली. आता, हिपा मोडला म्हणून रुग्णाला स्वतः दावा लावता येत नाही. तक्रार फेडरल खात्याकडे करायची आणि वाट बघायची. हिपा असताना राज्याच्या कायद्याखाली दावा चालणारच नाही, असं दवाखान्याचं म्हणणं होतं. २०१४ साली कनेक्टिकटच्या सुप्रीम कोर्टाने ते फेटाळलं आणि २०१८ साली गोपनीयतेच्या भंगाबद्दल दाद मागण्याचा रुग्णाचा हक्कही मान्य केला. राज्याचा कायदा नसता तर ह्या बाईला कोर्टाचं दारच उघडलं नसतं.

शिवाय हिपा बांधतो तो डॉक्टर, हॉस्पिटल, विमा कंपनी आणि त्यांची कामं करणाऱ्यांना. मासिक पाळीची नोंद ठेवणारं फोनमधलं अ‍ॅप सहसा त्याच्या कक्षेतच येत नाही. ती फट बुजवायला वॉशिंग्टन राज्याने २०२३ साली स्वतःचा कायदा केला, आणि त्यात नागरिकाला दावा लावायची सोयही ठेवली.

तिसरा आक्षेप खरा जड आहे आणि तो मी टाळणार नाही. राज्य नेहमी रुग्णाच्याच बाजूने उभं राहतं असं कुठे आहे? २४ जून २०२२ ला अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने गर्भपाताचा घटनात्मक हक्क काढून घेतला आणि कित्येक राज्यांत गर्भपात गुन्हा ठरला. कोर्टाच्या आदेशावरून पोलिसांना कागद द्यायला हिपा परवानगी देतो. म्हणजे रोगांच्या साथी सरकारला कळाव्यात म्हणून हिपात जो दरवाजा ठेवला होता, त्याच्या शेजारच्याच दरवाजातून सरकारी वकील आत येऊ शकतो. ही भीती खरी आहे. मलाही आहे.

पण त्यावर उपाय म्हणून राज्यांचे कायदे पुसायचे? तारखा बघा. त्या निकालानंतर एका आठवड्यात, १ जुलैला, न्यूजर्सीच्या गव्हर्नरांनी गर्भपातासारख्या उपचारांच्या माहितीला संरक्षण देणाऱ्या कायद्यावर सही केली. केंद्राचा त्याबाबतचा नियम एप्रिल २०२४ मध्ये आला आणि जून २०२५ मध्ये टेक्सासमधल्या एका फेडरल न्यायाधीशाने तो रद्द केला. जे वर्षभरात कोसळलं, त्या एकाच छपराखाली सगळ्यांना आणून बसवायचं आणि बाकीची घरं पाडायची, हे मला पटत नाही.

माझं मागणं उलट आहे. जोतंच उंच करा. अ‍ॅप आणि माहिती विकणारे हिपाखाली आणा. रुग्णाला दाव्याचा हक्क केंद्राच्या कायद्यातच द्या. आणि नाजूक कागदांसाठी नुसतं वकिलाचं समन्स चालणार नाही, न्यायाधीशाने दोन्ही बाजू ऐकून दिलेला आदेशच लागेल, असं लिहा. हे अशक्य नाही. व्यसनमुक्तीच्या नोंदींना १९७० च्या दशकापासून केंद्राच्याच कायद्याने असं खास कोर्टाच्या आदेशाचं कुलूप आहे. म्हणून तर माझ्या फॉर्मवर ती तिसरी चौकट आहे. दारूच्या उपचारांना जे कवच मिळालं ते गरोदरपणाच्या नोंदीला का मिळू नये, ह्याचं पटेल असं उत्तर मला अजून कुणी दिलेलं नाही.

गेल्या मंगळवारी टपालात एका वकिलाचं जाडजूड पाकीट आलं. एका रुग्णाची पूर्ण फाइल शुक्रवारपर्यंत हजर करा. खाली सही वकिलाची, न्यायाधीशाची नाही. रुग्णाला कळवल्याचा पुरावा सोबत हवा होता. पाकीट दोनदा झटकलं, नव्हता. मी फाइल परत कपाटात ठेवली, वकिलाला त्रुटीचं पत्र लिहिलं आणि त्या बाईंना फोन लावला. त्यांना ह्यातलं काहीच माहीत नव्हतं.