गेमिंगसाठी प्रोसेसर घेताय? टेस्ट कुठल्या रिझोल्यूशनवर झालीय ते आधी बघा

२४ ऑक्टोबर २०२४ ला इंटेलचा कोअर अल्ट्रा ९ २८५के बाजारात आला. २४ कोअर, किंमत ५८९ डॉलर. दोनच आठवड्यांनी, ७ नोव्हेंबरला, एएमडीचा रायझन ७ ९८००एक्स३डी आला. फक्त ८ कोअर, किंमत ४७९ डॉलर. गेमिंगच्या टेस्टमध्ये मात्र हा ८ कोअरवालाच सरळ पुढे निघून गेला.

असं का झालं? प्रत्येक फ्रेमच्या आधी प्रोसेसर हिशोब करतो: शत्रू कुठे आहे, गोळी कुठे लागली, काय काय दाखवायचं. मग ग्राफिक्स कार्ड चित्र काढतं. ६० एफपीएस हवे असतील तर एका फ्रेमसाठी साधारण १६.७ मिलिसेकंद मिळतात, १४४ साठी जेमतेम ७. एवढ्या वेळात डेटासाठी सारखं रॅमकडे धावणं परवडत नाही. ९८००एक्स३डी मध्ये ९६ एमबी एल३ कॅश आहे, २८५के मध्ये ३६ एमबी. बऱ्याच गेम्सना जास्त कोअरपेक्षा ही जवळची मेमरी जास्त कामाला येते.

आता खरी मेख. यातल्या बहुतेक टेस्ट १०८०पी वर, आरटीएक्स ४०९० सारखं महागडं कार्ड लावून होतात. "४०९० घेऊन १०८०पी कोण खेळतं?" असं अनेकजण विचारतात. पण टेस्ट म्हणून हे बरोबरच आहे. १०८०पी च्या एका फ्रेममध्ये सुमारे २१ लाख पिक्सेल असतात, ४के मध्ये ८३ लाख. ४के वर कार्डच दमतं, प्रोसेसर नुसता वाट बघत बसतो आणि सगळे प्रोसेसर जवळपास सारखेच दिसतात. प्रोसेसरची ताकद मोजायची तर कार्ड वाटेतून बाजूला करावंच लागतं.

म्हणजे तो ग्राफ प्रोसेसरची तुलना दाखवतो, तुमच्या पीसीवर मिळणारे एफपीएस नाही.

तुमच्या पीसीचं काय, हे घरीच तपासता येतं. व्ही-सिंक आणि एफपीएस लिमिट बंद करा. गेममधला एकच सीन आधी नेहमीच्या रिझोल्यूशनवर चालवा, मग कमी रिझोल्यूशनवर. एफपीएस चांगले वाढले तर अडचण कार्डाची आहे. जागचे हलले नाहीत तर बहुतेक प्रोसेसरची. टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसरचा वापर ४० टक्के दिसला म्हणून निश्चिंत होऊ नका. तो सगळ्या कोअरचा मिळून आकडा असतो, एखादा कोअर पूर्ण भरलेला असू शकतो.

मध्यम कार्ड आणि ६० हर्ट्झचा मॉनिटर असेल, तर महागडा प्रोसेसर घेऊन फारसा फरक दिसणार नाही. २४० हर्ट्झवर, कमी सेटिंगला स्पर्धात्मक गेम खेळत असाल तर गोष्ट वेगळी. आणि जुन्या पीसीवरून ९८००एक्स३डी वर जायचं म्हणजे एएम५ मदरबोर्ड आणि डीडीआर५ रॅमही लागते. ईएमआयवर सही करण्याआधी हा पूर्ण हिशोब मांडा.